स्वखुशीने घातलेली टोपी

आमच्या चिरंजिवांनी एका रविवारी पोहे खाता खाता जाहीर केलं, की त्यांनी एक टोपी विकत घेतली आहे.

“कितीला?” मी विचारलं. मध्यमवर्गीय बापाचा ‘कशाला’ हा प्रश्न नेहमी दुसऱ्या क्रमांकावर असतो.

“चार मिसळींच्या पैशात.” कुठल्या चलनात आकडा सांगितला की बापाला झटका कमी बसतो, हे त्याला बरोबर ठाऊक आहे.

“बघू, आण इकडे.”

“आणता येणार नाही. ती खाणीत आहे.”

“कुठल्या खाणीत?”

“हॉक्सेस नावाच्या ग्रहावर.”

पोह्यांवर लिंबू पिळता पिळता बायकोचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मुलगा काही विचित्र बोलला की तो आपोआप माझ्या घराण्यावर जातो, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता आहे.

मग खुलासा झाला. ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’ नावाचा एक खेळ आहे. कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्स या कंपनीने तो २०१८ साली कच्चा असतानाच विकायला काढला आणि मे २०२० मध्ये पुरता शिजवून वाढला. त्यात चार दाढीवाले बुटके खाणकामगार परग्रहाच्या पोटात उतरतात, खनिजं खणतात, अंगावर येणाऱ्या कोळ्यांसारख्या किड्यांचा फडशा पाडतात आणि परत येऊन बिअर पितात. मधूनमधून कुदळ उंचावून ‘रॉक अँड स्टोन’ असा घोष करतात. त्या घोषाचा उपयोग शून्य. पण एकाने केला की उरलेल्या तिघांनी करायचाच, हे मला लगेच पटलं. गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

“बरं, त्या टोपीने डोकं वाचतं का?”

“नाही.”

“खनिज जास्त सापडतं?”

“नाही.”

“निदान तुला दिसते तरी?”

इथे तो जरा घुटमळला. “खेळताना आपलं डोकं आपल्याला दिसत नाही. आपण बुटक्याच्या डोळ्यांतून बघत असतो ना. बाकीच्या तिघांना दिसते.”

“म्हणजे पैसे तू भरलेस आणि बघायची त्यांनी. कोण हे तिघे?”

“एक ब्राझीलचा, एक पोलंडचा. तिसऱ्याचं माहीत नाही, तो बोलतच नाही.”

मी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. आपल्या भाषेत ‘टोपी घालणे’ म्हणजे काय, हे दुकानदारीत न मुरलेल्या पोराबाळांनाही कळतं. पण आपण ते नुसतं रूपक म्हणून वापरतो. गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष टोपी देऊन, तीही त्याला दिसणार नाही अशा बेताने घालणारी जमात पृथ्वीवर आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचे आठ-दहा दिवस मी या विषयाचा अभ्यास केला. पोराला खोटं पाडायचं असलं की माझी ज्ञानलालसा जागी होते.

या धंद्याचा पहिला मोठा गाजावाजा टोपीने नव्हे, घोड्याने केला. एप्रिल २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या खेळासाठी बेथेस्डा कंपनीने घोड्याचं चिलखत विक्रीला ठेवलं. किंमत अडीच डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने शंभर-सव्वाशे रुपये. गंमत म्हणजे तो खेळ एकट्याने खेळायचा. त्या घोड्याला बघायला दुसरं माणूसच नव्हतं! आपल्याकडे नवरदेव निदान वरातीत तरी घोड्यावर बसतो. इथे रिकाम्या रस्त्यावरून सजवलेला घोडा, आणि वर बसलेले आपण. जगभर चेष्टा झाली. कंपनी इतकी निर्ढावली, की २००९ सालच्या एक एप्रिलला तिने त्या खेळाच्या बाकी सगळ्या पुरवण्या निम्म्या किमतीत विकल्या आणि चिलखताची किंमत तेवढी दुप्पट केली. पुढे २०२५ साली हाच खेळ नव्या रंगरंगोटीसह आला, तेव्हा त्याच्या महागड्या आवृत्तीत घोड्याला नवं चिलखत होतंच. चेष्टा हासुद्धा एक प्रकारचा आहेर असतो. घेणाऱ्याला तो घेता आला पाहिजे.

टोपीचं खरं माहेर मात्र ‘टीम फोर्ट्रेस टू’. व्हॉल्व कंपनीचा हा खेळ २००७ साली आला. दोन पक्ष, नऊ प्रकारची पात्रं, अखंड गोळीबार. मे २००९ मध्ये त्यात टोप्या आल्या. विकत मिळत नव्हत्या, खेळता खेळता नशिबाने पदरात पडायच्या. झालं! माणसं गोळ्या झाडायची सोडून टोपीची वाट बघू लागली. काही हुशारांनी तर खेळ चालू आहे असं भासवणारा एक प्रोग्रॅम लावून दिला आणि आपण खुशाल झोपले. म्हणजे हजेरीपटावर सही करून कँटीनला जाण्याचा प्रकार. सप्टेंबरमध्ये कंपनीने त्यांना पकडलं आणि असल्या मार्गाने मिळालेला माल काढून घेतला. पण खरी करामत पुढे आहे. ज्यांनी लबाडी केली नव्हती, त्या सगळ्यांना कंपनीने बक्षीस म्हणून डोक्याभोवती संतांना असतं तसं तेजोवलय दिलं. मग मैदानावर कोण सज्जन आणि कोण लबाड हे शंभर पावलांवरून दिसू लागलं. पकडले गेलेल्यांनी आपलं चुकलं म्हणून हळहळावं, अशी अपेक्षा असणार. ते नेम धरून एकेक तेजोवलय टिपायला लागले. सज्जनपणाची खूण डोक्यावर घेऊन रस्त्याने हिंडू नये, हे आमच्या गल्लीतही लोकांना अनुभवाने कळलेलं आहे.

सप्टेंबर २०१० मध्ये टोप्यांचं दुकान उघडलं आणि जून २०११ मध्ये खेळच फुकट झाला. ज्या वस्तूचा काही उपयोग आहे ती फुकट, जिचा काहीच नाही ती विकत. मी हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “कपाटातल्या शोकेसमधे जे क्रॉकरीचे सेट आहेत, तेही याच हिशेबाने घेतलेत.” मी पुढे वाचू लागलो.

त्या दुकानात एक अंगठीसुद्धा होती. शंभर डॉलरची. ती ज्याला द्यायची त्याने स्वीकारली, की जगात जिथे जिथे तो खेळ चालू असेल, तिथे तिथे पडद्यावर दवंडी पिटली जायची, की अमक्याने तमक्याची अंगठी स्वीकारली हो! म्हणजे कुठेतरी ऐन रणात कुणी मान खाली घालून गोळ्या चुकवतोय, आणि त्याच्या डोळ्यांसमोरून अनोळखी माणसांचा साखरपुडा सरकत जातोय. पत्रिका नाही, जेवण नाही, आणि आहेराची अपेक्षाही नाही. इतका आटोपशीर समारंभ आमच्या नात्यात अजून झालेला नाही.

पुढे या टोप्यांचा आपापसात व्यापार सुरू झाला. जून २०१० मध्ये मॅक संगणकावरून खेळणाऱ्यांना कौतुकाखातर कानात घालायची पांढरी इअरफोनची जोडी दिली होती. पुढे मिळेनाशी झाल्यावर ती मोठ्या व्यवहारात नाण्यासारखी चालू लागली. अमुक टोपीला दोन कानातली, तमुक टोपीला एक कानातलं आणि वर बंद पेट्या उघडायच्या चार किल्ल्या. हा बाजार इतका वाढला, की त्याचा अभ्यास करायला व्हॉल्वने २०१२ साली एक अर्थशास्त्रज्ञ नेमला, यानिस वारुफाकिस. हे गृहस्थ जानेवारी २०१५ मध्ये ग्रीसचे अर्थमंत्री झाले आणि युरोपच्या सावकारांशी कर्जावरून भांडले. मंत्रिपद त्यांना सहा महिनेही पुरलं नाही. टोप्यांचा बाजार अजून चालू आहे.

इथपर्यंत येईतो माझा मूळ हेतू, म्हणजे पोराला खोटं पाडणं, थोडा मागे पडला होता. तरी मी एका रात्री त्याला गाठलंच. “हे बघ, आमच्या वेळी खेळ एकदा घेतला की घेतला. पुन्हा कुणी पैसे मागत नव्हतं.”

“तुम्ही तर लॅमिंग्टन रोडवरनं कॉपी केलेली सीडी आणायचात. आजोबांनी सांगितलंय.”

वडीलधाऱ्या माणसांनी नातवंडांशी किती बोलावं याला काही मर्यादा हवी.

पण त्यानंतर त्याने जे सांगितलं त्याचा मी विचार केला. सीडीचा धंदा हा भांड्याच्या दुकानासारखा. पातेलं दिलं, पैसे घेतले, रामराम. चौघांनी मिळून इंटरनेटवर खेळायचा खेळ म्हणजे खानावळ. रोज चूल पेटली पाहिजे. सर्व्हरचं बिल येतं, चुका दुरुस्त कराव्या लागतात, लबाड हाकलावे लागतात, आणि दर थोड्या महिन्यांनी ताटात काही नवीन पडलं नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या खानावळीत जातं. एकदाच पैसे देऊन गेलेल्या माणसाला जन्मभर कसं जेवू घालणार?

मग काय विकायचं? यावर आमच्यात जो परिसंवाद झाला तो गल्ली क्रिकेटच्या भाषेत झाला, कारण दोघांना समजणारी तेवढी एकच भाषा आहे. पहिला उपाय, नवं मैदान विकायचं. अनेक खेळांनी वर्षानुवर्षं तेच केलं. ‘कॉल ऑफ ड्यूटी’सारख्या बड्या खेळाने २०१९ साली जाऊन ते थांबवलं. कारण ज्यांनी पैसे भरले ते नव्या मैदानावर, बाकीचे जुन्यावर, आणि दोन्हीकडे अकरा पुरे होत नाहीत. दुसरा उपाय, जास्त ताकदीची बंदूक विकायची. म्हणजे ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. हा नियम आम्ही सगळे लहानपणी भोगून बसलो आहोत. आमच्या वाड्यात बॅटचा मालक तीनदा आउट झाला तरी खेळायचा, आणि चौथ्यांदा आउट दिला की बॅट घेऊन जेवायला जायचा.

तिसरा उपाय टोपी. टोपीने कुणाची विकेट जात नाही. मैदान तेच, बॅट तीच, नियम तेच. टोपीवाला आणि बोडका एकाच खड्ड्यात पडतात. डेन्मार्कवाल्यांनी तेच केलं आहे. नवी शस्त्रं, नव्या मोहिमा, २०२१ पासून निघालेले ‘सीझन’ हे सगळं ज्यांनी मूळ खेळ घेतलाय त्यांना फुकट. वर ज्याला वाटेल त्याने टोपी-चिलखताचं पुडकं घ्यावं, न वाटेल त्याने घेऊ नये. खणून मिळणाऱ्या टोप्याही मुबलक आहेत.

“म्हणजे ही वर्गणी आहे,” मी म्हणालो.

“बरोबर! आणि आपण गणपतीला वर्गणी देतो तेव्हा आपल्याला काय मिळतं?”

“पावती.”

“मग ती पावती डोक्यावर घालायची.”

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. गेली बावीस वर्षं मी मंडळाच्या पोरांना “मागच्या वर्षीएवढीच लिहा” असं सांगून दारातून घालवतो, आणि त्यांनी लावलेल्या माळांच्या उजेडात दहा दिवस भेळ खातो. त्या पोरांनी वर्गणी देणाऱ्यांना टोप्या वाटायला सुरुवात केली, तर मला आकडा वाढवावा लागेल. सोसायटीत बोडक्याने फिरायचं धाडस माझ्यात नाही.

आपल्याकडे या सगळ्याची परंपरा होतीच, फक्त इंटरनेट नव्हतं. तमाशातली दौलतजादा आठवा. तिकीट काढून आत आलेला माणूस वर पुन्हा नोट काढतो, आणि ती देणाऱ्याचं नाव मंचावरून पुकारलं जातं. नाच सगळ्यांना सारखाच दिसतो. नोटेने मिळतं ते नाव. ‘डोटा टू’ या खेळाने २०१३ पासून ही दौलतजादा जागतिक पातळीवर नेली. लोकांनी नट्ट्यापट्ट्याचं पुस्तक विकत घ्यायचं, त्यातले पंचवीस टक्के वार्षिक स्पर्धेच्या बक्षिसात जायचे. २०२१ च्या स्पर्धेत ते बक्षीस चार कोटी डॉलरवर पोचलं होतं. उरलेले पंचाहत्तर टक्के कुणाच्या फेट्यात गेले, हे फडमालकाला विचारू नये.

नाटकवाल्यांना मात्र ही युक्ती सुचली नाही. गंधर्व नाटक मंडळीत शालू आणि अत्तरं मालकाच्या खर्चाने यायची, आणि कंपनी कर्जात बुडाली. इथे शालूचे पैसे प्रेक्षकाने द्यायचे, नेसायचाही त्यानेच, आणि कौतुक शेजारच्या खुर्चीवाल्याने करायचं.

आता वर्गणी आणि मटका यांत फरक आहे, तेवढा मी पोराला बजावून ठेवला. पावती फाडली, टोपी मिळाली, हा सरळ सौदा. पण बंद पेटी हातात द्यायची, किल्लीचे पैसे घ्यायचे, आणि आत काय निघेल ते तुमचं नशीब, हा आकडा लावण्याचा प्रकार झाला. टोपीच्या त्या जुन्या दुकानातही हा प्रकार होता, हे विसरू नये. किल्ली अडीच डॉलरची, घोड्याच्या चिलखताएवढीच. २०१८ साली बेल्जियमने असल्या पेट्या जुगारात धरल्या. ‘फोर्टनाइट’ चालवणाऱ्या एपिकला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२२ साली, लोकांकडून फसव्या बटणांनी नकळत खरेदी करवून घेतल्याबद्दल, साडेचोवीस कोटी डॉलर परत करायला लावले. त्या खेळात फुकटचे साधे कपडे घातलेल्या पोराला बाकीची पोरं ‘डीफॉल्ट’ म्हणून हिणवतात. शाळेत गणवेश का असतो, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं. आणि टोपीची किंमत चार मिसळींवर थांबतेच असंही नाही. ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये २०२४ साली एका महान खेळाडूच्या सन्मानार्थ नटवलेल्या पात्राचा संच निघाला, चारशे डॉलरच्या वर. तेवढ्यात आमच्याकडे खऱ्या मुलीचं केळवण होतं.

आपल्या गल्लीबोळातलं प्रकरण आणखी निराळं. ‘पब्जी’वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, मग जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ नावाने, रक्ताचा रंग हिरवा करून, परतला. आमच्या खालच्या कट्ट्यावरची पोरं त्यातल्या ‘ग्लेशियर’ नावाच्या बर्फाळ रंगाच्या बंदुकीबद्दल असं बोलत, जसं आमच्या पिढीत येझदीबद्दल बोललं जायचं. जुलै २०२२ मध्ये हा खेळही दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ पर्यंत परत आला नाही. त्या दहा महिन्यांत कट्ट्यावर जी शोककळा होती ती मी पाहिली आहे. बंदुकीला रंग दिलेला, हप्त्याहप्त्याने जमवलेल्या पैशातून, आणि मैदान उद्या राहील की नाही याचा भरवसा नाही. बोहल्यावर नवरदेव उभा आणि नवरीकडचे कार्यालय केव्हा रद्द करतील याचा नेम नाही! एका पोराची आई मला म्हणाली, “भाऊजी, याचे कपडे तिकडे अडकलेत म्हणतो, आणि इकडे चड्डीला बटण लावून घेत नाही.”

पुण्यातल्या सुपरगेमिंग कंपनीनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ नावाचा असाच देशी बाजाचा खेळ आणला. त्यातल्या एका पात्राचं नावच ‘सरताज’. सुरुवातच डोक्यापासून केलेली दिसते. पुणेकरांना पगडीचं महत्त्व कुणी शिकवायची गरज नाही, फक्त ती विकत मागितल्यावर ते काय उत्तर देतील याची मला उत्सुकता आहे.

तर, व्हायचं ते झालं. दिवाळीच्या सुट्टीत चौथा गडी कमी पडत होता म्हणून चिरंजिवांनी मला खाणीत उतरवलं. मला ड्रिलर केलं, कारण भोकं पाडण्यात चूक होऊ शकत नाही असा त्याचा समज होता. मी पहिल्याच दिवशी आपल्याच माणसांना जाळलं. ते पोलंडचे गृहस्थ तरीही माझ्याकडे बघून कुदळ उंचावून घोष करत राहिले. त्यांच्या डोक्यावर एक झगमगीत टोप होता. ब्राझीलवाल्याच्या डोक्यावर होता. माझ्या पोराच्या डोक्यावर तर होताच. माझाच तेवढा साधा, कंपनीने जन्मतः दिलेला. कुणी काही बोललं नाही. पण मांडवात पावती न फाडता महाप्रसादाच्या रांगेत उभं राहिल्यावर पाठीला जे जाणवतं, ते मला जाणवू लागलं.

तिसऱ्या रात्री, सगळे झोपल्यावर, मी चार मिसळी सोडल्या.

टोपी फार सुंदर आहे. म्हणजे असावी. कपाटासमोर उभं राहून घातली तेव्हा क्षणभर दिसली, खाणीत उतरल्यावर गेली. ज्यासाठी पैसे मोजले ते आपल्याच डोक्यावर आहे आणि आपल्याला सोडून सगळ्यांना दिसतंय, ही अवस्था मोठी कठीण. मग एकदा किड्यांनी मला आडवं केलं, आणि अचानक दृश्य बदलून मी मला बाहेरून दिसलो. जमिनीवर पडलेला, दाढी विस्कटलेली, आणि डोक्यावर ती टोपी! मशालीच्या उजेडात तिची कड चमकत होती. मुलगा धावत आला, त्याने मला उठवलं. मला इतक्यात उठायचं नव्हतं.

त्यानंतर मी वरचेवर पडू लागलो.

“बाबा, तुला काय झालंय?” चौथ्या मोहिमेत तो वैतागला. “किडे तिकडे आहेत आणि तू कड्यावरून उडी काय मारतोस?”

मी कारण सांगितलं. घरातल्या घरात खोटं किती बोलणार?

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, बाहेरून बघायला एक बटण आहे.”